म्हातारीला 'बिझी' ठेवा म्हणणाऱ्यांसाठी

बरेच दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. गावात एकट्या राहणाऱ्या आईबापाचा विषय निघाला की पुण्या-मुंबईतल्या लेकरांचं ठरलेलं वाक्य असतं, "तिला कशात तरी बिझी ठेव." आमच्या फॅमिली ग्रुपवर पण हेच चालतं. भाऊ म्हणतो डिशचा वर्षभराचा रिचार्ज मारून देतो, वहिनी म्हणते मोठ्या स्क्रीनचा मोबाईल घेऊन देऊ, बसल्या बसल्या कीर्तनं पाहतील, आन् चुलतभावाने तर अंगणात सीसीटीव्ही बसवायचं काढलं. म्हणजे म्हातारीने टीव्ही पाहायचा आणि आम्ही म्हातारीला पाहायचं!

आई आमची यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात राहते, बाबा गेल्यापासून एकटीच. वावर ठेक्याने दिलंय, गुडघे गेले म्हणून निंदण, वेचणी सगळं बंद. मी तालुक्याच्या ठिकाणी असते, म्हणून "तू जवळ आहेस, तूच बघ" हे ओघानेच आलं.

आता बघायला गेलं तर पहिली गोष्ट ही लक्षात येते की गावात म्हाताऱ्या माणसाला जागा आहे, म्हातारीला नाही. बुढ्याला पार आहे, पानठेला आहे, ग्रामपंचायतीचा ओटा आहे, कटिंगच्या दुकानात फुकटचा पेपर आहे, सकाळी टोपी घालून निघाला की कुठे चालला म्हणून कोणी विचारत नाही. बाईला घराबाहेर पडायला निमित्त लागतं. जन्मभर ती बाहेर पडली ती कामाच्या नावावर, आणि तिच्या मैत्रिणी पण त्या कामातल्याच, वावरात एकाच ओळीत निंदणाऱ्या, सोबत कापूस वेचणाऱ्या. हात थांबले की त्याही सुटतात. त्यात नवरा गेलेला असला तर अजून चार दारं बंद. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनेही लगेच सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आमच्या गावात कागद पोचला असेल, संक्रांतीचं बोलावणं काही आईपर्यंत पोचलं नाही.

नाही म्हणायला विदर्भात आपलं गुरुदेव सेवा मंडळ आहे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजूनही कितीतरी गावात दिवस मावळताना होते, तिथे जात-पात कोणी विचारत नाही आणि कुंकू आहे की नाही तेही कोणी पाहत नाही. आई जाते. पण प्रार्थना आटोपली की घर आन् ती. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवाधारी म्हणून जाणाऱ्या बाया गावात आहेत, पण तिथे तासन् तास उभं राहणं हिच्या गुडघ्याला झेपणारं नाही. तालुक्याला ज्येष्ठ नागरिकांची मंडळी जमते तिथेही नेऊन पाहिलं. सगळे रिटायर पेन्शनवाले, महागाई भत्ता किती वाढला यावर चर्चा. आई बाहेर येऊन म्हणते, "हे सारे साहेब लोकं व्हय बाई, मी काय बोलू यायच्यात?" एसटीचं म्हणाल तर बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की पूर्ण माफ, पैशाचा प्रश्नच नाही. प्रश्न हा की सकाळची गाडी शाळेच्या पोट्ट्यांनी भरून येते आणि म्हाताऱ्या बाईला पायरी चढेपर्यंत कंडक्टर घंटी मारतो.

काम शेवटी सापडलं ते आईचं तिलाच, आणि सापडलं बँकेच्या सेवा केंद्रात. श्रावणबाळ, संजय गांधी या सरकारी योजनांचे महिन्याचे १५०० रुपये काढायला बाया तिथे येतात. मशीनवर अंगठा लावायचा, आणि अंगठा काही लागत नाही, कारण जन्मभर कपाशीची पऱ्हाटी उपटून, भांडी घासून त्या बोटाच्या रेषाच झिजल्यात. मग पदराला पुसायचा, डोक्याच्या केसावर घासायचा तेवढंच तेल लागावं म्हणून, परत लावायचा, परत लाल लाईट. मशीनवरचा पोरगा म्हणतो आजी उद्या या. पैसे आले नाहीत की मशीन घेत नाही की केवायसी राहिली, हे त्या बाईला कळतच नाही, ती गुपचूप परत जाते. आई सातवी शिकलेली. ती विचारते, "काहून नाही घेत, दुसरं बोट लावून पाय ना बापू." बस, तिथून सुरू झालं. आता चारपाच बाया तिच्याशिवाय जातच नाहीत. स्लिपा भरणं, पासबुक वाचून सांगणं, हयातीचा दाखला कधी द्यायचा ते ध्यानात ठेवणं, सगळं तिच्याकडे.

हे पाहून शाळेच्या सरांनी तिचं नाव नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून टाकलं. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे तो, शिकवणारा कोणीही चालतो, शाळेतली पोरंसुद्धा, मानधन काही नाही. आता दुपारी आमच्या पडवीत दोघी जणी पाटी घेऊन बसतात. वाचन, लेखन, संख्याज्ञान, ५०-५० मार्कांचा १५० चा पेपर असतो म्हणून सांगितलं तर एकीने विचारलं, "पास झाली तं नोकरी लागन काय व?"

लोक मला विचारतात तुझ्या आईला कसं काय जमलं, माझ्या आईला तर काहीच आवडत नाही. माझं म्हणणं एवढंच, आवडत नाही हे ठरवायच्या आधी तिला ऐकू येतं का ते पहा. दहा बाया बोलत असताना निम्मं ऐकू येत नसलं की माणूस चुकीच्या जागी हसतो, मग लाजतो, मग जाणंच सोडतो, आणि आपण म्हणतो स्वभाव एकलकोंडा झाला. दुसरं, तिला गावात आधी कशासाठी बोलवायचे ते आठवा. कोणाचे पापड लाटायला, कोणाची बाळंतीण पाहायला, लग्नात आचाऱ्यावर लक्ष ठेवायला. धागा तिथे असतो. आणि उन्हाळ्यात सकाळी नऊ नंतरचं काही ठरवूच नका, आपलं ऊन माहीत आहे.

आणि हो, नातवंडं सांभाळणं याला कृपा करून 'ॲक्टिव्हिटी' म्हणू नका, ती तुमची सोय आहे. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाच्या स्टेजवर बसवून शाल-नारळ देणं पण नाही.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. एका बाईच्या पोराने आईच्या तोंडावर म्हटलं की माझ्या मायच्या पैशात २०० रुपये कमी होते. आई त्या रात्री जेवली नाही. भाऊ पुण्यावरून फोनवर तापला, सोड म्हणे हे धंदे, काय गरज आहे. मला उलट वाटतं की सोडू नये. कोणावर आळ येतो? ज्याच्या हातात काही असतं त्याच्यावर. टीव्हीसमोर बसलेल्या बाईशी कोण भांडतं हो? दुसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या पोराच्या घरी गेली, पासबुक उघडून एन्ट्री दाखवली, २०० त्याच्याच बायकोने घेतले होते म्हणे गॅसला. विषय संपला.

आता तिने नियम केलाय, पैसे केंद्रातच त्या बाईच्या हाताने मोजायचे आणि वहीत लिहायचे. वही मी नेऊन दिली, दोनशे पानी, सोबत शाईचा पॅड पण. पॅड तिने परत केला. म्हणे अंगठा आता बंद, दोघीला सही येते, बाकीच्याईले शिकवतो.