मासा, बनियन आणि फ्लॅश

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्या टाकीतल्या एंजल माशाचा फोटो हवा होता. "त्यात काय, आत्ता काढतो," असं मी म्हणालो. त्या "आत्ता"ला अकरा दिवस झाले.

पहिला फोटो मोबाइलच्या फ्लॅशने काढला. त्यात मधोमध एक पांढराशुभ्र गोळा, त्यामागे बनियनवरचा मी आणि माझ्या पोटाच्या जागी अर्धा मासा. मुलीने तो बघून विचारलं, "बाबा, ही सोनोग्राफी कुणाची?"

कुडाळला लग्नाचे फोटो काढणाऱ्या भाच्याला फोन लावला. "मामा, काच म्हणजे आरसोच," तो म्हणाला. "समोरसून उजेड मारलास तर तो तुझ्याच तोंडार येतलो. फ्लॅश कॅमेऱ्यावरसून काढ, टाकीच्या वर ठेव, उजेड वरसून पडूक दी." दुसऱ्या दिवशी एसटीतून त्याचा कॅमेरा, सुटा फ्लॅश आणि तो लांबून पेटवायचं यंत्र मालवणात आलं. सोबत चिठ्ठी: शटर १/१६०, एफ/८, आयएसओ २००, घरातले दिवे बंद, अंगात काळा सदरा. लग्नात नवरदेवालासुद्धा एवढ्या सूचना नसतात.

टाकीच्या काचेच्या झाकणावर बटर पेपर पसरून त्यावर फ्लॅश पालथा ठेवला. उजेड मऊ पडू लागला खरा, पण माशाचं पोट काळोखात. खालून उजेड परतवायला काहीतरी पांढरं हवं होतं. मासळीच्या बर्फाच्या खोक्याचं थर्माकोल कापून टाकीच्या बुडाला लावलं. धुतलं होतं हो, दोनदा. तरी शेजारचा बोका तीन दिवस खिडकीत बसून होता.

माझं प्रतिबिंब मात्र हटेना. काळा सदरा घातला तर काळ्या सदऱ्याच्या वर टक्कल चमकायचं. शेवटी आजोबांची जुनी काळी छत्री उघडली, तिला भोक पाडलं आणि त्यातून लेन्स बाहेर काढली. लेन्स काचेला अगदी काटकोनात धरावी लागते. तिरकी धरली की काच आणि पाणी मिळून मासा असा विस्कटतात, की एंजल आहे की बोंबील ते कळू नये. आमची टाकी बुटक्या स्टुलावर, त्यामुळे जुलैच्या ओल आलेल्या फरशीवर मी पालथा, डोक्यावर छत्री.

आणि मासा? चंदेरी माशाच्या कातडीत ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या बारीक स्फटिकांचे थर असतात, म्हणून तो चमकतो. म्हणजे मी इथे आरशामागे ठेवलेल्या आरशाचा फोटो काढत होतो! आडवा झाला की पांढराफटक, जरा वळला की काळाठिक्कर. मधली जी एक घडी असते, तेव्हा तो नेमका शी करायचा. (फोटोच्या दिवशी माशाला उपाशी ठेवावं, हे भाच्याने नंतर सांगितलं.)

आई झोपाळ्यावरून हे सगळं बघत होती. मासेमारी बंद, त्यामुळे घरात महिनाभर सुकटावर भागवणं चाललेलं आणि टाकीकडे बघायची तिची नजर काही निव्वळ कौतुकाची नव्हती. "ह्यां काय चल्लाहा रे?" तिने विचारलं. मी सांगितलं, माशाचा डोळा नेमका फोकसमध्ये यावा लागतो. डोळा फसला की फोटो फसला. "मगे बाजार सुरू झालो की थंय जा," ती म्हणाली. "थंय मासो हलना नाय."

अकराव्या रात्री पावसाने झोडपलं आणि वीज गेली. बायको मेणबत्ती शोधायला उठली, आणि मी ओरडलो, "पेटवू नको!"

घरात मिट्ट काळोख, म्हणजे काचेत ना मी, ना टक्कल, ना खिडकीतला बोका. फिल्टर बंद, म्हणून बुडबुडे थांबले, पाण्यातला गाळही हळूहळू खाली बसला. उजेड नाही म्हटल्यावर एंजलही एका जागी तरंगत राहिला. भाच्याच्या चिठ्ठीतलं जे मला दहा दिवसांत जमलं नव्हतं, ते वीज मंडळाने फुकटात करून दिलं होतं. फोकस धरण्यापुरती बॅटरी मुलीने वरून धरली. फ्लॅश सेलवर चालणारा. टक्.

मागे काळंभोर, पुढे प्रत्येक खवला वेगळा, परांच्या लांब दोऱ्या, आणि डोळा असा लख्ख की त्यात बॅटरीचा ठिपकासुद्धा दिसावा. मी कॅमेरा घेऊन तसाच झोपाळ्याकडे गेलो. आईने पडदा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"डोळो ताजो आसा," ती म्हणाली. "कितक्याक गावलो?"