गल्ल्यावरचा खडा

अकरा डॉलर. रक्कम मोठी नाही, मान्य. बायकोही तेच म्हणते, मुलगीही तेच म्हणते. पण ते अकरा डॉलर शनिवारपासून माझ्या घशात अडकलेत आणि आज मंगळवार आहे.

मुलीच्या शाळेत केकविक्री होती. इथे न्यू जर्सीत शाळेला दर पंधरा दिवसांनी कशासाठी तरी पैसे कमी पडतात. या वेळी बँडच्या पोरांच्या गणवेशाला पडले. पालकांनी घरून काहीतरी करून आणायचं आणि पालकांनीच ते विकत घ्यायचं. मी शंकरपाळ्या नेल्या. त्या तिखट असतील या संशयावरून टेबलाच्या पार टोकाला गेल्या. मी म्हटलं, जाऊ दे. टेबलं उचलू का, विचारलं. मला टेबलं उचलता येतात, मी गोदामात काम करतो. व्यवस्थापक बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पत्र्याची पैशांची पेटी माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही गल्ल्यावर बसा. तुम्हा लोकांचं गणित किती छान असतं!"

माझं गणित. दहावीला १५० पैकी ५५, तेही सांगलीत, सरांच्या दयेने. आमचं वखारभागात किराणा दुकान होतं. वडिलांना पावकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत यांचा हिशेब तयार. त्या माणसाने हयातभर मला गल्ल्याला हात लावू दिला नाही. "तू पोती उतरव," म्हणायचे. मी पोती उतरवली. वीस वर्षांनी अमेरिकेत येऊनही खोकी उतरवतोय. माणसाची पारख असावी तर अशी.

इथे आलो तो बायकोमुळे. कॉम्प्युटरवाली ती, व्हिसा तिचा, मी त्याला चिकटून आलेलो. माझ्या व्हिसावर नोकरीला बंदी होती, २०१५ साली काही जणांपुरता नियम बदलला, तेव्हा कुठे मला काम मिळालं. आणि गंमत बघा, १९६५ साली यांनी कायदा बदलून आम्हाला दार उघडलं, त्यात डिग्रीवाल्यांसाठी खास वाट ठेवली. डॉक्टर आले, इंजिनिअर आले, पुढे कॉम्प्युटरवाले आले. म्हणजे चाळणी हातात यांच्या, चाळून गहू घेणार हे, आणि वर आश्चर्यही यांनाच की अगबाई, तुमच्याकडे खडे नसतातच का? असतात हो. हा काय, तुमच्या गल्ल्यावर बसलाय.

शेजारी दुसरी खुर्ची होती. तिच्यावर बाईंनी आणखी एक बाप आणून बसवला. आजोबांच्या वेळी चीनहून आलेलं कुटुंब, हा जन्माने ओहायोचा, टोलेडोचा. फर्निचर विकतो. चिनी भाषेतलं त्याला हॉटेलच्या मेनूकार्डापुरतं कळतं. "वा, दोघं दोघं!" असं म्हणून बाई समाधानाने कपकेककडे गेल्या. त्या लांब जाताच ओहायो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू सांभाळ हं, मला आकडे जमत नाहीत." मी म्हटलं, मला वाटलं तू सांभाळणार.

त्याची माझी ओळख एवढीच, की आम्ही दोघं एशियन. सांगलीत आशिया फक्त भूगोलाच्या पेपरात यायचा, रेखांश काढण्यापुरता. इथे मात्र प्रत्येक फॉर्मवर मी तोच. आणि हेही अलीकडचं. १९२० ते ४० यांच्या जनगणनेत आमची वंशाची नोंद 'हिंदू', मग माणूस शीख असो की मुसलमान. १९२३ साली भगतसिंग थिंड, अमेरिकेच्याच सैन्यात राहून आलेला माणूस, नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कोर्ट म्हणालं, तू गोरा नाहीस, चल. १९७०च्या जनगणनेत आम्ही चक्क गोरे झालो. १९८०ला पुन्हा नाही. इतक्या वेळा तर आमच्या वखारभागात नगरसेवकाने पक्ष बदलला नसेल. 'एशियन अमेरिकन' हा शब्द १९६८ साली बर्कलीतल्या विद्यार्थ्यांनी काढला तो एकजुटीसाठी. गल्ल्यावर बसवण्यासाठी नव्हे.

असो. पेटी उघडली. ज्यांनी अमेरिकेची नाणी पाहिली नाहीत त्यांना सांगतो, यांचं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान असतं, आणि रोजच्या सुट्ट्या नाण्यांवर किंमत अंकात नसते. सगळं अक्षरी. पाच वाजेपर्यंत मी दोन्ही नाण्यांना एकाच किमतीचं मानत होतो.

आणि मग आले टोपीवाले आजोबा. सत्तरीचे, टोपीवर मासा, हातात तीन ब्राउनी. सव्वा डॉलरला एक. वडील आठवले, सव्वा त्रिक पावणेचार. आजोबांनी वीसची नोट दिली. मी परतीचे पैसे काढायला लागलो. सव्वासोळा जवळजवळ जमत आले होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "थांब, हे ७५ सेंट घे, म्हणजे तुला सोपं जाईल."

सोपं जाईल म्हणून मध्येच हातात कोंबलेल्या सुट्ट्यांनी माझा जेवढा घात केलाय तेवढा शत्रूने केला नसेल. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. मी एक दहाची नोट काढली, एक पाचची, मग काही एकच्या, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, कुठे थांबायचं याचा अंदाज घेत. ते नुसते हसत होते. शेवटी मी थांबलो.

"मोजून घ्या," मी कळकळीने म्हटलं.

"तुझ्याकडून? मोजून?" आजोबांनी पैसे तसेच खिशात घातले. मग टेबलावर कोपर टेकून, रांग खोळंबलेली असताना, म्हणाले, "तुम्ही हे मनातल्या मनात करता ना? मी टीव्हीवर पाहिलंय. ते मणी असतात ना, ते डोक्यात फिरवता. सतरा गुणिले तेवीस सांग बघू."

"जाऊ द्या हो."

"अरे, लाजतोय! सांग, सांग."

मागची बाई आपल्या पोराला पुढे सरकवत होती, नीट दिसावं म्हणून. माझ्यातला सांगलीकर जागा झाला. आमच्याकडे पत्ता विचारला तर माहीत नाही असं कोणी म्हणत नाही. "३८१," मी ठणकावून सांगितलं.

"बघा!" आजोबा रांगेकडे वळले. "कागद नाही, पेन नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिशात मोबाईल नसलेला माणूस त्या रांगेत नव्हता, पण तो काढून बघावं असं एकालाही वाटलं नाही. ती बाई पोराला "बघ, शीक काहीतरी" म्हणाली. त्याचं पुढे काय होईल, देव जाणे.

जाता जाता आजोबा ओहायोला म्हणाले, "आणि तुझं इंग्रजी! किती सुंदर बोलतोस."

"टोलेडोत शिकलो," ओहायो म्हणाला.

"तिकडे शाळा चांगल्या असणार," आजोबा म्हणाले आणि गेले.

ओहायोने मान खाली घातली. मला मात्र, खरं सांगतो, राग आला तो वेगळाच. त्याला इंग्रजी आईच्या दुधातून मिळालेलं. पाचवीपासून 'ही गोज, दे गो' घोकून कमावलेलं ते माझं. माझं कौतुक कोणी करायचं?

ओहायो नंतर नाणी रचता रचता आपणहून बोलला. त्याच्या गावापासून तासाभरावर डेट्रॉइट. तिथे १९८२ साली व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. जपानी गाड्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या हा राग, आणि हा तर जपानीही नव्हता. चार दिवसांनी तो गेला. मारणाऱ्यांना तुरुंग नाही. तीन वर्षं प्रोबेशन आणि माणशी तीन हजार डॉलर दंड. "बाबा तेव्हापासून बारमध्ये गेले नाहीत," एवढंच म्हणून तो पुन्हा नाण्यांकडे वळला. त्याचे ढीग सरळ होते. मोजणी माझ्यासारखीच.

सहाला बाईंनी पेटी मोजली. अकरा डॉलर कमी. पुन्हा मोजली. अकराच.

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर टेबलामागे गेली. तिथे सातवीतला एक काळा मुलगा दुपारपासून निमूट नॅपकिन वाटत होता. पेटीला त्याने बोटही लावलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. नुसतं पाहिलं. पोराला कळलं. त्याने हात खिशातून बाहेर काढून टेबलावर ठेवले, दोन्ही, पालथे. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. सवयीने ठेवले.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "मला गणित येत नाही."

"छे, तुमची कशी असेल?"

"सुट्टे देताना चुकलो. दहाचं नाणं पाचचं समजलो. सतरा तेवीसही चुकलंच असणार." आणि खिशातून अकरा डॉलर काढून पेटीत टाकले.

बाईंनी छातीवर हात ठेवला. "किती हा मोठेपणा! तुमच्या संस्कृतीत नम्रता असतेच म्हणा." आणि पुन्हा एकदा त्या पोराकडे बघून त्यांनी पेटीला कुलूप लावलं.

घरी सगळं सांगितलं. बायकोने पहिला प्रश्न विचारला तो असा: "गल्ल्यावर? तुला?" तिला संस्कृती माहीत आहे.

काल बाईंची मेल आली. पुढच्या महिन्यात पुस्तकविक्री. हिशेबाला आम्ही दोघं. रात्री साडेअकराला ओहायोचा मेसेज आला: "३९१. कॅल्क्युलेटरवर केलं."