फोंड्याच्या वाचकाला उत्तर : जनुकं, गोळ्या आणि ‘लॅबवाल्यांचा धंदा’

नमस्कार फोंडेकर,

जनुकांतल्या फरकामुळे तेच औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, असं सांगणाऱ्या ‘एकच गोळी, दोन माणसं’ या माझ्या लेखावर तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे : हे वाचून लोक घाबरून गोळ्या बंद करतील, आकडे परदेशातले, ते गोंयकारांना कशावरून लागू, तुमचे वडील स्टेंट बसवल्यापासून आठ वर्षं क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) आणि आम्लपित्ताची गोळी घेताहेत, त्यांना काही झालेलं नाही, आणि एकूण हा लॅबवाल्यांचा धंदा.

पहिला आक्षेप मान्य. गोळी काहींना लागू पडत नाही हे लिहिलं, पण ‘स्वतःहून बंद करू नका’ हे वाक्य राहून गेलं. ते आता लेखाच्या अगदी वर घातलं आहे. स्टेंटनंतरच्या काळात क्लोपिडोग्रेल मनानेच सोडणं जिवावर बेतू शकतं, मग जनुकं कशीही असोत.

आता वडिलांचं. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते औषध म्हणून निकामीच असतं. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग शरीर तसाच वाया घालवतं. उरलेल्याचं यकृतात दोन टप्प्यांत खरं औषध होतं, आणि त्या कामात सीवायपी२सी१९ या विकराचा (एन्झाइमचा) मोठा वाटा असतो. या विकराच्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक प्रत नादुरुस्त असली तर औषध कमी बनतं. दोन्ही तशा असल्या तर फारच थोडं बनतं, आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटायच्या थांबत नाहीत. ब्रिटनमधल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५७ टक्के लोकांकडे किमान एक प्रत अशी निघाली. तरीही त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, कारण स्टेंटमध्ये गुठळी होणं मुळातच विरळ. नादुरुस्त प्रतीमुळे हा विरळ धोका वाढतो, इतकंच लेखाचं म्हणणं आहे. एका माणसाला आठ वर्षं काही झालं नाही याने ते खोटं ठरत नाही.

शिवाय गुठळीचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. म्हणून ही तपासणी अँजिओप्लास्टीच्या वेळी उपयोगाची. आठ वर्षांनी, ठणठणीत माणसाची करा असं मी सांगणार नाही. पर्यायी औषधंही निर्धोक नाहीत. टिकाग्रेलॉरला या विकराची गरज लागत नाही, पण रक्तस्राव जास्त होतो, काहींना दम लागल्यासारखं होतं, आणि दिवसातून दोनदा घ्यायचं असल्याने संध्याकाळची गोळी चुकते. प्रासुग्रेल तर आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांना देतच नाहीत.

गोव्याच्या लोकांचं काय, हा तुमचा प्रश्न सर्वांत चांगला आहे. जनुकांतले असे फरक समाजागणिक बदलतात. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात भुलेच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या सक्सिनिलकोलीनचं विघटन करणारं विकर काहींच्या शरीरात जवळजवळ नसतं. एरवी पाच-दहा मिनिटांत उतरणारं औषध त्यांना काही तास लुळं ठेवतं, आणि तेवढा वेळ व्हेंटिलेटरवर श्वास द्यावा लागतो. पण म्हणून गोव्यातल्या वैश्यांनाही ते लागू, असं नुसत्या नावावरून म्हणता येत नाही. आडनावावरून किंवा जातीवरून अंदाज बांधू नये. घरात कुणी शस्त्रक्रियेनंतर फार उशिरा शुद्धीवर आलं असेल किंवा त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं असेल, तर ते भूलतज्ज्ञाला आधी सांगावं. याला पैसे पडत नाहीत.

गोव्यात मात्र मला सर्वांत आधी मलेरियावरच्या प्रायमाक्विनबद्दल बोलावंसं वाटतं. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियात क्लोरोक्विन तीन दिवस देतात, आणि यकृतात दडून बसलेले जंतू मारायला प्रायमाक्विन १४ दिवस. प्रौढाला साधारण रोज १५ मिलिग्रॅम. जी६पीडी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लघवी सोलं भिजवलेल्या पाण्यासारखी किंवा कोऱ्या चहासारखी होऊ लागते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. असं दिसलं की पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. साधा ताप उतरत नाही म्हणून गोळी सोडणं वेगळं, आणि हे वेगळं.

इथे चाचणीतही गफलत होते. पेशी फुटून गेल्यावर लगेच जी६पीडी तपासलं तर अहवाल नॉर्मल येऊ शकतो, कारण जुन्या पेशी गेलेल्या असतात आणि नव्या कोवळ्या पेशींत हे विकर भरपूर असतं. म्हणून तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. दुसरं, हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एकच प्रत, त्यामुळे त्याचा निकाल सहसा स्पष्ट येतो. बाईकडे दोन; त्यांतली एकच बिघडलेली असली तर विकर मध्यम असतं, आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठिपका पाहायच्या साध्या चाचणीत ते निसटतं. कमतरता ठरली म्हणून प्रायमाक्विन कायमचं बाद होतं असंही नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असं आठ आठवडे देता येतं. आणि पावसाळ्यात कपड्यांच्या पेटीत ठेवतात त्या डांबरगोळ्या! त्यातल्या नॅफ्थलीननेही अशा बाळाच्या पेशी फुटतात. तान्ह्या बाळाची दुपटी त्या पेटीत नकोतच.

धंद्याच्या आक्षेपात अर्धं तथ्य आहे. शंभर औषधांचं हिरवं-लाल रंगकाम केलेला अहवाल निरोगी माणसाने विकत घ्यावा असं मला वाटत नाही. पण ॲझाथायोप्रिन सुरू होत असेल, तर तपासणीबद्दल जरूर विचारा. आतड्याच्या क्रोन्स आजारात, ल्यूपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा, ते देतात. ठरावीक जनुकं नादुरुस्त असली तर या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. पाश्चात्त्य देशांत आधी टीपीएमटी हे जनुक तपासायची पद्धत पडली. पण आपल्याकडे त्याहून महत्त्वाचं ठरतं एनयूडीटी१५. त्याचा हा संबंध २०१४ साली कोरियन रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. नुसतं टीपीएमटी तपासून ‘नॉर्मल’ आलं तर तो दिलासा फसवा असू शकतो; अहवालात दोन्ही नावं आहेत का ते पाहा. तपासणी परवडत नसेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा : पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला, मग महिन्याला. पांढऱ्या पेशी चार हजारांखाली गेल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि सुरू केल्यापासून दोन-चार आठवड्यांत फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रक्त द्या. पेशी कोसळण्याची ती खूण असते.

कार्बामाझेपिनबद्दल एवढंच : फिटसाठी किंवा चेहऱ्यातल्या कळांसाठी ते नव्याने सुरू होत असेल तरच एचएलए-बी*१५:०२ या जनुक-प्रकाराच्या तपासणीचा प्रश्न येतो; तो असलेल्यांना या औषधाने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. वर्षानुवर्षं घेऊन काही झालेलं नसेल तर नाही. पहिल्या दोन महिन्यांत ताप, तोंडात फोड आणि डोळ्यांची लाली एकत्र आली, तर अंगावर पुरळ उठायची वाट पाहू नका.

यातली कुठलीही जनुकीय तपासणी केलीच, तर ती जन्मात एकदाच. अहवालाची प्रत फायलीत पहिल्या पानावर लावा, म्हणजे म्हापशाहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवलं तरी ती बरोबर जाईल.

तुमच्या वडिलांसाठी मात्र आज एक काम आहे. ते घेतात त्या आम्लपित्ताच्या गोळीची स्ट्रिप उलटून बारीक अक्षरातलं नाव वाचा. ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल असेल, तर ते याच सीवायपी२सी१९ विकराला अडवतं. प्रत शाबूत असलेल्या माणसातही क्लोपिडोग्रेल कमी बनतं. फार्मसीतून ती पुन्हा विकत आणण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा की त्याऐवजी पँटोप्राझोल चालेल का.