मेलिता कोण?

भाचा माल्ट्यात नोकरीला आहे. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मामा, आता मेलिता आहे ना घरी, कितीही वेळ बोल." मी गार. ताईला हे कुणी सांगायचं, याच विचारात पुढची पाच मिनिटं गेली. मग कळलं, मेलिता ही तिकडची इंटरनेटची कंपनी.

हसून झाल्यावर त्या नावाच्या मागे लागलो. मेलिता हे भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाचं रोमन काळातलं नाव, आणि बेटावरच्या मुख्य गावाचंही तेच. इ.स.पू. 70 मध्ये सिसेरो या रोमन वकिलाने वेरेस या लाचखाऊ सुभेदारावर खटला चालवला, त्यात हे गाव येतं. सिसेरो म्हणतो, वेरेसने तिथे कधी पाऊल ठेवलं नाही, पण बायकांची वस्त्रं विणून घ्यायला ते गाव तीन वर्षं हातमागाच्या कारखान्यासारखं वापरलं. शिवाय तिथलं जूनो देवीचं देऊळ माणसं पाठवून लुटलं. पुढे साधारण इ.स. 60 च्या सुमारास संत पॉलचं जहाज फुटलं तेही याच बेटाजवळ, असं माल्टावासी मानतात. बायबलमुळे नाव घरोघरी गेलं.

गंमत अशी की त्या गावाने स्वतः मात्र हे नाव टाकून दिलं. 870 मध्ये अरब आले. आज त्या जागेला इम्दिना म्हणतात, म्हणजे नुसतं 'शहर'. शेजारी रबात, म्हणजे उपनगर.

लोक म्हणतात प्राचीन नाव अजून जिवंत आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. खरं जिवंत राहिलेलं नाव म्हणजे 'माल्टा': अरबांच्या तोंडात झिजलेलं, रोजच्या वापरातलं. मेलिता हे पुस्तकातून परत आणलेलं रूप. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत माल्टा तद्भव, मेलिता तत्सम. आपल्याकडे गाव पैठणच राहतं आणि संस्थेची पाटी लावताना 'प्रतिष्ठान' आठवतं, त्यातलाच प्रकार. 1876 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नातीचा जन्म माल्ट्यात झाला, तिचं नाव ठेवलं व्हिक्टोरिया मेलिता. राजधानी व्हॅलेटात मेलिता नावाचा रस्ता आहे, सेंट ज्युलियन्स गावात मेलिता नावाचा फुटबॉल क्लब. यात मला काही खोटं वाटत नाही. पेटीतला शालू लग्नात नेसला म्हणून तो उसना ठरत नाही. आणि देशाचं जुनं नाव पुतळ्याखाली कोरण्यापेक्षा राउटरवर आणि जर्सीवर असलेलं मला तरी आवडतं. तिथे निदान रोज कुणीतरी ते उच्चारतं.

राहिला अर्थ. ग्रीकमध्ये 'मेली' म्हणजे मध, म्हणून 'मधाचं बेट' ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. काही अभ्यासक ते फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या भाषेतल्या 'आसरा' अर्थाच्या शब्दाशी जोडतात. समुद्रात तारू भरकटलं की काय हवं असतं, याचा विचार केला तर मला आसराच पटतो. पण नक्की कुणालाच सांगता येत नाही. त्या बेटाच्या जुन्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत 'मेलितावासीयांचं' असं आहे आणि प्युनिक, म्हणजे फिनिशियनांच्याच वळणाच्या लिपीतल्या नाण्यांवर भलतीच तीन अक्षरं!

माल्टी माणसाला तरी मेलिता म्हणताना मध आठवायचं कारण नाही. त्याच्या भाषेत मधाला 'आसेल' म्हणतात, शब्द अरबी. गोडवा मात्र राष्ट्रगीतात पहिल्याच ओळीत आहे, 'या गोड भूमीला'. त्यातला गोड अर्थाचा शब्द 'हेल्वा'. भाच्याने तो म्हणून दाखवला तेव्हा ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "हलवा? संक्रांतीला पाठवलेला, संपला का?"