खुराडं किती वर?

नागपुरात कोंबड्या पाळायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, "मग सावजी कधी?" अंड्यांसाठी पाळतोय असं सांगितलं की समोरचा हळहळतो. त्याचं एक वेळ सोडून देता येतं. घर फोडतो तो दुसरा प्रश्न: खुराडं जमिनीवर की पायांवर?

बेसाच्या आमच्या घरी हा वाद मार्चात पेटला. नवरा उंच खुराड्याच्या बाजूचा. अँगलचे चार पाय, तळाला जाळी, घाण आपोआप खाली, खालून हवा खेळती आणि मुंगूस बाहेर हात चोळत बसलेलं. सासूबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं. त्या म्हणाल्या, "आम्ही डालग्याखाली झाकत होतो, वरतं गोटा ठेवत होतो, झालं. कोंबडीले जिना कशाले पायजे?"

मग सल्लागार आले. माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक जण उंची सांगताना आपापला शत्रू सोबत घेऊन येतो. शेजारच्या काकांची पिल्लं बोक्याने नेली होती, म्हणून त्यांना खुराडं छातीएवढं हवं. जावेच्या अंगणात घुशी, म्हणून तिला खाली सिमेंटचा कोबा हवा आणि जाळी जमिनीत फूटभर गाडलेली. वेल्डरला कसलाच शत्रू नाही, पण अँगल किलोवर असल्यामुळे त्याला उंचीची फार आवड.

खरा शत्रू कोणी मोजतच नव्हतं. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं. पारा पस्तिशीपुढे गेला की ती पंख फाकवून, चोच उघडी टाकून धापा टाकते. आणि आपल्याकडे मे महिन्यात 43 असलं तर लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. अशा उन्हात टिनाखालचं उंच खुराडं म्हणजे तंदूरच, सावजीवाल्यांची सोय. वर तणसाचा थर आणि ओली पोती टाकली तर निभतं. खालच्या खुराड्यात जमीन गार लागते, तूस पसरलं की कोंबड्या खूश. पण मृग बरसला की तेच तूस भिजतं, डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटतो आणि पिल्लांना रक्ती हगवण धरते. मग रोज फावड्याने तूस वरखाली करा, चुना भुरभुरा, ओलं काढून कोरडं टाका.

"म्हणून तर वर!" नवरा म्हणाला. पण आमची जमीन काळी. उन्हाळ्यात चप्पल अडकेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर येणार. चार पाय चार दिशांना कलले की खुराड्याचं दार लागत नाही, आणि दार लागलं नाही की मुंगसाला जिनासुद्धा आयता. म्हणजे पायांना आधी पाया हवा. कोंबड्यांच्या घरासाठी गिट्टी, रेती, सिमेंट. आमच्या स्वतःच्या कुंपणाची भिंत अजून बिनप्लास्टरची आहे, हे मी फक्त एकदाच बोलले.

निकाल लागला तो सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. रोज वाकून अंडी कोण काढणार, असं नवऱ्याने विचारलं. त्यांनी गुडघा चोळला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि म्हणाल्या, "कमरेएवढं कर. पन खाली माती मोकळी पायजे." त्याप्रमाणे वर झोपायची खोली, आत बसायला बांबूचा दांडा, खाली चारी बाजूंनी जाळी मारून चरायला माती, आणि मधे ती बदनाम शिडी. आपण जिंकलो, असं दोघंही अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

कोंबड्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी सोडल्या की त्या थेट खिडकीजवळच्या कूलरखाली जातात. तिथे पाणी ठिबकून माती ओली असते, त्यात खड्डा करून पोट टेकतात. तिन्हीसांजेला शिडीकडे ढुंकूनही न बघता कूलरच्या टपावर चढतात आणि एका रांगेत बसतात. अंधार पडला की कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे एकेकीला उचलून खुराड्यात ठेवणं सोपं असतं. हे काम माझ्याकडे आहे. आत खोलीत मग रात्रभर वाळ्याच्या वासात थोडा कोंबड्यांचा वास मिसळलेला असतो.

परवा वेल्डर दाराची कडी बसवायला आला होता. त्याने कूलरकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं आणि खिशातून टेप काढला. "ताई, याच स्टँडले चारी बाजूनं जाळी मारून देऊ का? भाव तोच लावतो, किलोचा."