शार्लट ल्यूकसचा हिशेब

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी वाचलेल्या मंडळींत शार्लट ल्यूकसचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य हमखास कानावर येते : ‘तिने तडजोड केली.’ गेल्या महिन्यात आमच्या छोट्याशा वाचनमंडळातही तेच झाले, आणि एकाने तर ‘लाचार’ हा शब्द वापरला. त्या वेळी मी गप्प बसलो, पण तो शब्द मनातून जाईना म्हणून कादंबरीतली शार्लटची सगळी प्रकरणे पुन्हा वाचून काढली. तिच्याविषयीचा हा निवाडा आपला नसून कादंबरीची नायिका एलिझाबेथ बेनेट हिचा आहे आणि आपण तो न तपासता उचलला आहे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. मिस्टर कॉलिन्स हे पाद्री आत्मसंतुष्ट, शब्दबंबाळ आणि आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनपुढे सदैव कमरेत वाकलेले गृहस्थ आहेत. ते एलिझाबेथला मागणी घालतात, ती नकार देते, आणि तीन दिवसांच्या आत तेच गृहस्थ तिच्या जिवलग मैत्रिणीला, शार्लटला, मागणी घालून होकार मिळवतात. एलिझाबेथचा विश्वासच बसत नाही. शार्लट शांतपणे सांगते की आपण स्वप्नाळू नाही, कधीच नव्हतो, आपल्याला फक्त एक सुखाचे घर हवे आहे.

आता शार्लटची बाजू तिच्या घरापासून पाहू. तिचे वडील सर विल्यम हे मेरिटन गावातले व्यापारी. धंद्यात बऱ्यापैकी पैसा झाला, गावाचे महापौर असताना राजापुढे मानपत्र वाचले आणि ‘सर’ हा किताब मिळाला. किताब मिळताच त्यांना दुकानदारीची शिसारी आली, धंदा बंद झाला आणि कुटुंब गावाबाहेरच्या ‘ल्यूकस लॉज’मध्ये राहायला गेले. ऑस्टिन ही गोष्ट दोन-चार ओळींत हसत हसत सांगून पुढे जाते, पण वडिलांच्या या हौसेची किंमत थोरल्या मुलीच्या वाट्याला आली आहे. लेडी ल्यूकस मुलीच्या हाती फारसे काही देऊ शकत नाहीत, हे कादंबरीतच म्हटले आहे. शार्लट सत्तावीस वर्षांची आहे आणि दिसायला कधीच देखणी नव्हती. लग्न ठरल्यावर तिच्या भावांना हायसे वाटते, कारण बहीण घोडनवरी म्हणून घरातच राहील ही भीती टळली, आणि धाकट्या बहिणींना एक-दोन वर्षे आधी समाजात वावरायला मिळणार म्हणून आनंद होतो. आईसाहेब तर एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट अजून किती वर्षे जगतील याचा अंदाज बांधू लागतात, कारण बेनेटांची लाँगबोर्नची इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाईल अशी कायद्याने बांधलेली असून तो वारस कॉलिन्सच आहे. चांगले स्थळ आल्यावर घरात जे काही होते, ते सगळे या एका परिच्छेदात आहे.

एलिझाबेथची स्थिती तरी काय फार वेगळी होती? मिस्टर बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड आहे, पण ते त्यांच्याबरोबरच संपणार. आईच्या पश्चात एलिझाबेथच्या वाट्याला येणार ते 1,000 पौंड, म्हणजे चार टक्के व्याजाने वर्षाला 40 पौंड. (मागणी घालता घालता हा आकडा तिला ऐकवण्याचा औचित्यभंग कॉलिन्सच करू जाणे.) फरक इतकाच की तिची एकवीस वर्षे अजून पूर्ण व्हायची आहेत, ती सुंदर आहे आणि कादंबरीकार तिच्या बाजूची आहे. आयुष्यात अशी कादंबरीकार प्रत्येकीला मिळत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो विकमचा प्रसंग. एलिझाबेथला आवडणारा हा देखणा लष्करी अधिकारी अचानक मिस किंग नावाच्या मुलीभोवती घुटमळू लागतो, कारण तिला नुकताच 10,000 पौंडांचा वारसा मिळाला आहे. हिशेब तोच, किंबहुना अधिक उघडा. तरीही एलिझाबेथ त्याला दोष देत नाही, उलट देखण्या तरुणांनाही पोटापाण्याला काहीतरी लागतेच असे मामीला लिहिते. शार्लटच्या बाबतीत तिची नजर जितकी स्वच्छ होती तितकी विकमच्या बाबतीत नव्हती, असा टोमणा निवेदिका तिथेच मारते. तो टोमणा वाचल्यावरही आपण एलिझाबेथच्या निवाड्यावर विसंबून राहावे, याचे मला नवल वाटते.

शिवाय माणसे ओळखण्यात शार्लट या कादंबरीत कोणाहून कमी नाही. एलिझाबेथची थोरली बहीण जेन हिने बिंग्ली या तरुणाविषयीचे प्रेम थोडे उघड दाखवावे, नाहीतर ते त्याला कळणारच नाही, असे ती अगदी सुरुवातीला सांगते आणि एलिझाबेथ ते हसण्यावारी नेते. पुढे बिंग्लीचा मित्र डार्सी याच्या पत्रातून कळते की जेनच्या शांत चेहऱ्यामुळेच तिचे मन गुंतलेले नाही असे त्याला वाटले होते.

जेन ऑस्टिनच्या स्वतःच्या आयुष्यातली एक घटना येथे आठवणे भाग आहे. डिसेंबर 1802 मध्ये मॅनिडाउन येथे मैत्रिणींच्या घरी असताना त्यांच्या भावाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. तो मोठ्या इस्टेटीचा वारस होता आणि ती सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होती. तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. कादंबरीचा पहिला खर्डा 1796-97 मधला असल्यामुळे शार्लट त्या रात्रीतून जन्मली असे मी म्हणणार नाही, परंतु 1813 मध्ये पुस्तक छापले गेले तेव्हा शार्लटचा होकार आणि तिचे वय या दोन्हींचा अर्थ लेखिकेला अनुभवाने ठाऊक होता. पुढे भाचीला लिहिलेल्या पत्रांत ती 1814 मध्ये सांगते की प्रेमाविना लग्न करण्यापेक्षा काहीही सोसणे बरे, आणि 1817 मध्ये सांगते की एकट्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते. या दोन वाक्यांपैकी एकच निवडून तिला प्रेमविवाहाची पुरस्कर्ती ठरवणे मला पटत नाही.

म्हणून शार्लटला नायिका करावी असेही नाही. हन्सफर्ड हा कॉलिन्सचा पॅरिश, म्हणजे पाद्री म्हणून त्याच्या हाती असलेला परिसर. तिथल्या घरात तिने स्वतःच्या बैठकीसाठी मागची खोली निवडली आहे, कारण ती खोलीही नवऱ्याच्या रस्त्याकडच्या खोलीइतकीच प्रसन्न असती तर तो तिथे सतत येऊन बसला असता. तो बागकामात रमावा म्हणून ती त्याला प्रोत्साहन देते, आणि त्याने लाज आणणारे काही बोलले की शहाणपणाने ऐकले न ऐकलेसे करते. एलिझाबेथसाठी नवरा शोधतानाही, डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम अधिक मनमिळाऊ असला तरी चर्चमधल्या नेमणुका डार्सीच्या हातात आहेत, हे ती ध्यानात ठेवते. हिशेबाची सवय माणसाला कुठवर नेते, ते ऑस्टिन येथे जराही लपवत नाही.

हन्सफर्डहून निघताना एलिझाबेथला मैत्रिणीची कीव येते, पण हे शार्लटने उघड्या डोळ्यांनी निवडले आहे, हेही ती मान्य करते. तिचे घर, तिचा संसार, तिचा पॅरिश आणि तिच्या कोंबड्या यांची गोडी अद्याप ओसरलेली नव्हती, असे निवेदिका लिहिते. त्या ‘अद्याप’पाशी मी दर वेळी अडखळतो.