हिवाळ्यांची मोजदाद आणि ‘इतिहास’: एका प्रतिक्रियेला उत्तर

उत्तर अमेरिकेतले लकोटा आणि त्यांचे भाऊबंद दर वर्षासाठी एक चित्र काढून वर्षांची नोंद ठेवत. या ‘हिवाळ्यांच्या मोजदादी’ला मी लेखात इतिहास म्हटलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की वर्षाला एकच चित्र, तेही काढणाऱ्याच्या मर्जीचं. सन नाहीत, लिपी नाही. मग याला आठवणी म्हणा, इतिहास कशाला? शिवाय अशी एक मोजदाद राखणाऱ्या लोन डॉगला मी लकोटा म्हटलं, तेही चूक. ही चूक मान्य. तो यांक्टोनाई, लकोटांच्या भाऊबंदांपैकी. लेखात दुरुस्ती केली आहे. बाकीचं मात्र पटत नाही.

मर्जीचं आधी. वर्षाचं चित्र मोजदाद राखणारा एकटा ठरवत नसे. तियोश्पयेतली, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गोतावळ्यातली, जाणती माणसं बसून ठरवत. सगळ्यात मोठी घटनाच हवी असंही नव्हतं. वर्षाला असं नाव हवं असे की ऐकताच सगळ्यांना ते वर्ष आठवावं. चित्र ही त्या नावाची खूण. गोष्ट राखणाऱ्याच्या तोंडी.

लोन डॉगच्या बायसनच्या कातड्याचा फोटो मोठा करून बघा. मधोमध तीन उभ्या रांगांत तीस काळ्या रेघा, बाहेरच्या रेघा एकमेकींना जोडलेल्या. १८००-०१ साली क्रो या दुसऱ्या जमातीच्या लोकांनी मारलेली ही तीस माणसं. शेजारी अंगभर लाल ठिपक्यांचा माणूस: देवीची साथ. पुढे १८१३-१४ मध्ये एकाच्या तोंडून हवेचा झोत निघालाय, तो डांग्या खोकला. अशी चित्रं गोल गोल बाहेर सरकत १८७०-७१ पर्यंत जातात.

आता सन. आपण ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो, तसे हे लोक हिवाळे मोजत. पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत एक वर्ष. म्हणून आपल्याला दोन सन जोडून लिहावे लागतात. १८३३-३४ च्या जागी काळा चंद्र आणि लाल तारे आहेत. १२-१३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्री उत्तर अमेरिकेवर उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला, आणि ‘तारे पडले’ तो हिवाळा जवळजवळ प्रत्येक मोजदादीत सापडतो. एरवी एकाच वर्षाला दोन गोतावळ्यांची नावं वेगळी असतात, तुम्ही म्हणता ते खरं. पण या खुणेपाशी सगळ्या जुळतात, आणि तिथून मागेपुढे मोजत बाकीची वर्षं लावता येतात. लोन डॉगकडे ७ ऑगस्ट १८६९ चं खग्रास ग्रहणही आहे, काळा सूर्य आणि लाल तारे.

लिपीबद्दल एवढंच: या नोंदींना लकोटा ‘वनियेतु वोवापि’ म्हणतात, आणि ‘वोवापि’ हाच शब्द पत्राला आणि पुस्तकालाही आहे. पुढे कातड्याच्या जागी कापड आणि हिशेबाच्या वह्या आल्या, काहींनी चित्राशेजारी लकोटा भाषेत ओळीही लिहिल्या.

एका ठिकाणी तुमचा संशय रास्त आहे. बॅटिस्ट गुड या लकोटा माणसाने राखलेली मोजदाद थेट इसवी सन ९०० पर्यंत मागे जाते. वर्षवार नोंद मात्र १७०० पासूनची. त्याआधीचा भाग दंतकथांचा आहे, तारखांसाठी मी तो वापरणार नाही.

आणि एक गोष्ट मलाही खटकते. लोन डॉगच्या चित्रांचे अर्थ आपण वाचतो ते गॅरिक मॅलरी या लष्करी अधिकाऱ्याने १८७७ मध्ये छापलेल्या टिपणांतून. त्या तीस रेघांपुढे त्याने तीस माणसं मारली गेली एवढंच लिहिलंय. त्यांची नावं नाहीत.